ड्रायव्हर सुटला म्हणजे मालक सुटला असं नाही!



डिलिव्हरीसाठी टेम्पो घेतला की आपण हिशोब करतो डिझेलचा, हप्त्याचा आणि पगाराचा. पण रात्री फोन आला, "तुमचा ड्रायव्हर पिऊन चालवताना पकडलाय", तर काय करायचं? हे कुणीच ठरवून ठेवलेलं नसतं. आज ते ठरवून टाकू.

आधी कायदा बघू

मोटार वाहन कायदा 1988, कलम 185. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

ड्रायव्हरचे हक्क

1. मशीनची स्लिप मागा. त्यावरचा आकडा आणि वेळ नीट बघा. नुकतंच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल, तर काही मिनिटं आकडा जास्त दिसू शकतो. ते तिथेच सांगा. अटक झाली, तर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वास तपासून घेण्याची संधी मिळते.
2. अटकेपासून 2 तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी. नाही झाली, तर कोठडीतून सोडावं लागतं.
3. महिलेच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल, तर तो एखाद्या महिलेच्या समोरच घ्यायचा, ती महिला डॉक्टर असो वा नसो.
4. अटकेचं कारण कळणं, वकिलाशी बोलणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं जाणं, हे राज्यघटनेचं कलम 22 देतं.

"टेस्टच द्यायची नाही" हा सल्ला मात्र ऐकू नका. संशयाला आधार असेल तर नकार दिल्यावर विना वॉरंट अटक होऊ शकते. शिवाय सबळ कारण नसेल, तर तो नकार कोर्टात विरोधातच जातो.

मालकाचा खरा धोका

नुसता वास आला, तोल गेला, एवढ्यावर दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं होतं. त्यामुळे टेस्ट नसेल तर फौजदारी केस कमजोर पडते. पण विम्याचं गणित वेगळं आहे.

डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्श गाडी उलटली आणि जळाली. चालकाची श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट रेकॉर्डवर नव्हती. ग्राहक आयोगात कंपनी जिंकली. पण 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. टेस्ट नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करू शकते, असं कोर्टाने सांगितलं. क्लेम गेला! गाडी कंपनीची, नुकसानही कंपनीचंच.

आणखी एक. ड्रायव्हर प्यायलाय हे माहीत असूनही त्याला गाडी घेऊन पाठवलं, तर कलम 188 खाली मालकालाही तीच शिक्षा होऊ शकते.

आजच करा

- नेमणूक पत्रात "पिऊन गाडी चालवायची नाही" हे स्पष्ट लिहा, सही घ्या.
- किल्ली रोज समोरासमोर द्या.
- संशय आला तर त्या दिवशीची डिलिव्हरी रद्द करा. एका ऑर्डरचं नुकसान परवडतं, टेम्पोचं नाही.
- वकिलाचा नंबर गाडीत लिहून ठेवा.

ड्रायव्हरला त्याचे हक्क जरूर सांगा. पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची, हा निर्णय तुमचाच आहे.