मैदान मुके होते तेव्हा

१६ मे २०२० ची ती शनिवारची संध्याकाळ मला चांगली आठवते. टाळेबंदीमुळे सारे घर दिवाणखान्यात कोंडलेले. दोन महिने बंद असलेला जर्मनीतला फुटबॉल त्या दिवशी पुन्हा सुरू होणार होता. डॉर्टमुंड आणि शाल्के या जुन्या हाडवैऱ्यांचा सामना. आम्ही बापलेक सात वाजताच टीव्हीपुढे ठाण मांडून बसलो. सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, टीव्ही बिघडलाय का? आवाज कसा येत नाही?"

टीव्ही ठणठणीत होता. बिघडले होते ते मैदान! ऐंशी हजारांच्या त्या स्टेडियममध्ये प्रेक्षक म्हणून एक माणूस नव्हता. चेंडूला लाथ बसल्याचा धप्पकन आवाज येई आणि पाठोपाठ प्रशिक्षकाची आरोळी. डॉर्टमुंडने चार गोल केले, पण प्रत्येक गोल चोरून केल्यासारखा वाटला. सामना संपल्यावर तर गंमतच झाली. जिंकलेले खेळाडू नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दक्षिणेकडच्या सज्जापुढे गेले आणि तिथल्या रिकाम्या पायऱ्यांना हात उंचावून मानवंदना देऊन आले. हसावे की डोळे पुसावे, ते कळेना.

पुढे त्या रिकाम्या सामन्यांचे हिशेब मांडले गेले, तेव्हा जर्मनीत यजमान संघांचे विजय घटल्याचे दिसले. इतकेच नव्हे, तर पाहुण्या संघाला दाखवली जाणारी पिवळी कार्डेही कमी झाली. म्हणजे प्रेक्षकांचा गलका पंचांच्या कानातून थेट त्यांच्या खिशापर्यंत पोहोचत होता म्हणायचा! गर्दी ही खेळाची सजावट आहे, असे आपण समजत होतो. ती तर बाराव्या गड्याचे काम करत होती.

हा बारावा गडी आपल्या देशाला नवा नाही. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या दिवशी मैदानाभोवती इतकी दाटी झाली होती, की मागच्यांना चेंडू दिसणे शक्यच नव्हते. मग काय केले असेल? गोल झाला की पतंग उडवून त्यांना खबर दिली जाई. डोळ्यांना न दिसणारा सामना पाहायला हजारो माणसे उभी राहिली, ती कशासाठी? आपण तिथे होतो, एवढे म्हणता यावे यासाठी.

अशी गर्दी रंगते कशी, याचा विचार केला तर आपल्याला भजनी मंडळाचीच आठवण होईल. सगळेच उत्तम गाणारे असून चालत नाही. सुरुवात करून देणारा एक बुवा लागतो, टाळकरी खांद्याला खांदा लावून उभे लागतात, आणि पद सर्वांना पाठ असावे लागते. डॉर्टमुंडच्या त्या दक्षिण सज्जात नेमके हेच आहे. जवळजवळ पंचवीस हजार माणसे तिथे उभी राहून सामना पाहतात. तिकीट स्वस्त, त्यामुळे कॉलेजातला मुलगा आणि कारखान्यातला कामगार शेजारी शेजारी. डोक्यावर छप्पर असल्याने आवाज वर विरून न जाता मैदानावर कोसळतो. आणि पुढे कर्णा घेऊन उभा असलेला त्यांचा बुवा? तो बिचारा सामन्याकडे पाठ करून उभा असतो! दुसऱ्यांना गाते ठेवण्यासाठी स्वतःच्या डोळ्यांवर पाणी सोडणारा असा रसिक विरळाच.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या मैदानावरही असाच एक उतार आहे. बोअर युद्धातल्या एका टेकडीवरून १९०६ साली त्याला 'कॉप' हे नाव पडले. १९६० नंतरच्या काळात सामन्यापूर्वी कर्ण्यांवर त्या वेळची लोकप्रिय गाणी लागत आणि प्रेक्षक त्यांना साथ देत. १९६३ मध्ये गाजलेले असेच एक गाणे त्यांनी जे उचलले, ते आज साठ वर्षे उलटली तरी खाली ठेवलेले नाही. कुणी हुकूम काढला नव्हता, की कुणी वर्गणी गोळा केली नव्हती.

परंतु वाचकहो, या नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती रक्ताने माखलेली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक प्राणाला मुकले. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडात शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात लिव्हरपूलच्या ९७ माणसांचा बळी गेला. तिथे दोष प्रेक्षकांचा नव्हता, व्यवस्थेचा होता, हे कोर्टापुढे मान्य व्हायला सत्तावीस वर्षे लागली. त्यानंतर इंग्लंडातल्या मोठ्या मैदानांवर सक्तीने खुर्च्या आल्या, तिकिटे महागली आणि गाणे मंदावले. अखेर २०२२ पासून कठडे घालून सुरक्षितपणे उभे राहण्याची सोय तिथे पुन्हा करण्यात आली. जीव आणि जल्लोष यांत एकाचीच निवड करावी लागत नाही, हे उमगायला इतकी वर्षे गेली.

आता थोडे घरचे. आपल्या कोल्हापुरात तालमीचे नाव लावून अकरा जण फुटबॉल खेळतात, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. पण पेठ म्हणजे घर आणि तालीम म्हणजे घराणे, हे ध्यानात घेतले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या का भरतात ते समजते. ही माया विकत आणता येत नाही. तिला फक्त वळण लावावे लागते.

हे सांगायचे कारण असे. काही वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन एका गावी सामना पाहायला गेलो होतो. ढोल वाजत होते, झेंडे फडकत होते. पोर हरखून गेली. पण अर्ध्या तासात मागून अशा शिव्या सुरू झाल्या, की मी मान खाली घालून तिला घेऊन बाहेर पडलो. वाटेत तिने विचारले, "बाबा, ते आपल्याच टीमचे होते ना?" मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या वर्षी तिनेच हट्ट धरला आणि आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला मागे पुन्हा तोच सूर लागताच ढोलवाल्यांमधला एक पोरगेला मुलगा वळून ओरडला, "ए, त्यांची आई कशाला काढता? आपल्या पोरांची नावं घ्या की!" आणि त्याने ढोलावर थाप मारून पहिले नाव पुकारले. दुसरे नाव पन्नासांनी उचलले, तिसरे साऱ्या पायरीने. अकरावे नाव माझ्या मुलीने माझ्या खांद्यावर उभे राहून घेतले.

सामना आम्ही हरलो. पण येताना तिचा घसा पार बसला होता आणि सौभाग्यवती म्हणाल्या, "आता मात्र खरंच आवाज येत नाहीये!"