मासळीच्या सूपच्या अर्काचा ताळेबंद

आपले रुग्णालय किनारपट्टीवर असल्याने येथे रुग्णाच्या आहाराचा विषय निघाला की मासळीचा उल्लेख अपरिहार्य असतो. आजारातून उठणाऱ्या माणसाला तिसऱ्यांचे सार किंवा माशाचे पातळ कालवण द्यावे, ही घरोघरची समजूत. अलीकडे मात्र डब्यातील कालवणाची जागा काचेच्या बरणीने घेतलेली दिसते. आखाती देशांत नोकरीस असलेली मुले सुटीवर येताना कोळंबीच्या, शेवंडीच्या वा मिश्र मासळीच्या घट्ट अर्काच्या बरण्या आणतात. एक चमचा अर्क उकळत्या पाण्यात ढवळला की सूप तयार! काही सहृदय देणगीदारांनी अशा बरण्यांचे खोकेही स्वयंपाकघरासाठी देऊ केले. त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही आम्ही ते खोके का स्वीकारले नाहीत, याचा खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

निमित्त घडले ते एका वृद्ध रुग्णाचे. हृदयविकारामुळे त्यांच्या पायांवर सूज होती व डॉक्टरांनी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची मर्यादा घातली होती. स्वयंपाकघरातून जाणारे जेवण बेताच्या मिठाचे, औषधेही वेळेवर. तरी उतरलेली सूज पुन्हा चढू लागली. शेवटी एका परिचारिकेच्या नजरेस खाटेशेजारच्या कपाटातील बरणी पडली. सूनबाई सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे अर्काचे सूप मोठ्या भक्तिभावाने देत होत्या. ‘बाबांना ताकद यावी म्हणून,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना दोष कसा द्यावा?

ती बरणी आमच्या टेबलावर आली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; वैद्यक आमचा प्रांत नव्हे. परंतु लेबल हा एक ताळेबंदच असतो आणि तो वाचण्याची आम्हांस सवय आहे. त्यावरील आकडे १०० ग्रॅमचे नसून एका चमच्याचे, म्हणजे अवघ्या ६ ग्रॅमचे होते. सोडियम ८०० मिलिग्रॅम, प्रथिने १ ग्रॅम. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. चार चमचे म्हणजे ३२०० मिलिग्रॅम सोडियम, अर्थात ८ ग्रॅम मीठ, जेवणातले वेगळेच. आणि प्रथिने? चार चमच्यांत मिळून ४ ग्रॅम. एका उकडलेल्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. याच हिशेबाने बरणीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मीठच ठरतो. ग्लुटामेटमधून येणारे सोडियम वजा केले तरी चित्र फारसे पालटत नाही.

एवढे मीठ का, तर ते चवीपुरते नसते. मिठामुळे अर्कातील पाणी जणू बांधले जाते व जंतूंना वाढता येत नाही. म्हणून बरणी महिनोन्‌महिने टिकते.

उरलेल्या घटकांत महागड्या प्रकारांत शिजवलेली कोळंबी किंवा शेवंड प्रथम लिहिलेली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे स्वस्त भुकटीत बहुधा मीठच पहिल्या ओळीवर येते. पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, पाम तेल, यीस्टचा अर्क, सोयापासून केलेले हायड्रोलाइज्ड प्रोटीन, कधी दूध पावडर व गव्हाचे पीठ. आयएनएस ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ६२७ व ६३१ हे त्याचे चव वाढविणारे सोबती.

या ६२१ विषयी पुष्कळ गैरसमज आहेत. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळातून ही चव ओळखली. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतेच. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के. म्हणजे बरणीतला मुख्य गुन्हेगार ६२१ नव्हे, मीठ आहे. ६३१ मात्र प्युरिन वर्गातील असल्याने युरिक ॲसिड वाढलेल्यांनी असा अर्क बेतानेच घ्यावा.

अर्कात ताकद असते, हा समज आपल्याकडचाच आहे असे नाही. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावाने १८६५ मध्ये निघालेल्या कंपनीने दक्षिण अमेरिकेत उरुग्वे येथे गोमांसाचा अर्क काढण्याचा मोठा कारखाना चालविला. तो अर्क अशक्त रुग्णांसाठी म्हणून युरोपभर खपला. पुढे लक्षात आले की पाण्यात उतरतात ते क्षार आणि चव. प्रथिने मुख्यतः मांसातच राहतात. घरच्या कालवणालाही हेच लागू आहे. नुसता रस्सा पाजून तुकडे बाजूला काढले, तर ताकद ताटातच राहिली म्हणायची. १०० ग्रॅम बांगड्याच्या मांसात १९-२० ग्रॅम प्रथिने असतात. त्यासाठी वरील अर्काचे वीस चमचे घ्यावे लागतील. त्यासोबत ४० ग्रॅम मीठ पोटात जाईल, ते निराळेच.

दोन गोष्टी विशेष सांगावयास हव्यात. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या काही अर्कांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. ज्यांची मूत्रपिंडे क्षीण आहेत किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. त्यांनी हा पर्याय डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. दुसरे, कोळंबी-शेवंडीची ॲलर्जी ज्या प्रथिनामुळे होते, ते उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘अर्कच तर आहे’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

निरोगी माणसाने चार जणांच्या कालवणात अर्धा चमचा अर्क घालून वरचे मीठ वगळले, तर आमची काहीच हरकत नाही. तोंडाची चव गेलेल्या रुग्णालाही आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने क्वचित थोडा देता येतो. नातेवाइकांना विनंती एवढीच की, बाहेरून आणलेली बरणी आधी परिचारिकेस दाखवावी. देणगीदारांनी वस्तुरूपाने साहाय्य करावयाचे ठरविल्यास अंडी, डाळी, दूध यांचे स्वागत आहे. ताजी मासळी द्यावयाची असल्यास आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे, म्हणजे बर्फाची सोय करता येईल. स्वयंपाकघरात मासळी आले, लसूण, मिरी व आमसुलात शिजविली जाते. मीठ शेवटी, रुग्णाच्या पथ्यानुसार वाढताना घातले जाते. आमसुलाच्या आंबटपणामुळे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही, असे रुग्णच सांगतात.

त्या वृद्ध गृहस्थांची सूज आठवडाभरात उतरली व ते घरी गेले. पुढील तपासणीच्या वेळी सूनबाईंनी आपण होऊन सांगितले की, बरणी अजून संपलेली नाही. बाबांच्या वाट्याचे कालवण त्या आधी वेगळे काढतात आणि मग उरलेल्यात अर्धा चमचा घालतात.