नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन प्रयोगांत अंतर एका मात्रेचें. पण पहिल्यानें बारसें साजरें होतें, तर दुसऱ्याचा शेवट बहुधा कलहांत होतो. ज्या वस्तूचें नांव तिच्या गुणकर्माशीं जुळत नाहीं, तिच्या वाट्यास पहिल्यामागून दुसरें आल्यावांचून राहत नाहीं. हा न्याय केवळ घरसंसारापुरताच आहे असें नव्हे. सबंध जगाचा पत्रव्यवहार आज ज्या इंटरनेटवरून चालतो, त्याच्या माजघरांतहि नांवांचा घोळ बरींच वर्षें चालू होता. तो निस्तरण्यासाठीं झालेल्या परिश्रमांची हकीकत वाचकांस उद्बोधक वाटेल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊं. परदेशीं असलेल्या मुलास आपण संगणकावरून पत्र धाडतों, तेव्हां त्या पत्राचे लहान लहान तुकडे होतात. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र तुकड्यावरील पत्ता वाचून पुढची दिशा ठरवितें. आगगाडीच्या टपालडब्यांत पत्रें निवडणाऱ्या कारकुनाचेंच हें काम. ‘अमुक ठिकाणीं जाण्यास माझ्याकडून वाट आहे,’ अशा वार्ता हे राउटर आपसांत देत-घेत असतात. या संभाषणाच्या ठराविक रीतींपैकीं एकीस बीजीपी व दुसरीस ओएसपीएफ म्हणतात. या रीति यंत्रास शिकविणारें सॉफ्टवेअर हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कुनिहिरो इशिगुरो या जपानी गृहस्थांनीं १९९६ सालीं ‘झेब्रा’ नांवाचें असें सॉफ्टवेअर लिहिण्यास प्रारंभ केला. तें कोणींहि वाचावें, सुधारावें व वापरावें अशी मोकळीक होती. झेब्राचें काम मंदावल्यावर इतरांनीं त्याची एक शाखा काढून तिला ‘क्वागा’ म्हटलें. क्वागा हा झेब्र्याचाच आफ्रिकेंतील एक वंश. त्यांतील शेवटचा ज्ञात प्राणी १८८३ सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. पुढें या शाखेसहि नवी शाखा फुटली आणि २०१७ सालीं ती ‘एफआरराउटिंग’ या नांवानें लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं जाहीर झाली. ज्या वाड्यांत तीन पिढ्यांनीं आपापल्या सोयीनें खोल्या काढल्या, तेथें माजघर कोणतें आणि कोठीची खोली कोणती यावर एकवाक्यता कोठून असणार?

सर्वांत ठळक उदाहरण ‘थ्रेड’ या शब्दाचें. संगणकशास्त्रांत थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्यें एकाच वेळीं चालणारा कामाचा स्वतंत्र धागा. दोघी जणी एकाच चुलीपाशीं स्वयंपाक करूं लागल्या, म्हणजे कोणतें पातेलें कोणी घेतलें हें एकमेकींस सांगावें लागतें. नाहीं तर एकीनें मीठ घातलेल्या आमटींत दुसरीहि मीठ घालते. अनेक थ्रेड असले कीं असाच बंदोबस्त लागतो. त्यास तेथें कुलूप लावणें म्हणतात. झेब्राच्या आरंभकाळीं लिनक्स व फ्रीबीएसडी या प्रणालींवरील थ्रेडची सोय भरंवशाची नव्हती, म्हणून आपण थ्रेड वापरीतच नाहीं, असें झेब्राच्या माहितीपुस्तकांतच नमूद होतें. कर्त्यांनीं एकच सुगरण ठेवली आणि तिला कामांची यादी दिली: ‘अमुक वेळ झाली कीं हें कर, अमुक दारावर निरोप आला कीं तो घे.’ व्यवस्था उत्तम होती. पण यादींतील प्रत्येक कामास नांव मात्र दिलें ‘थ्रेड’!

सुगरण एकटी होती तोंवर या नांवानें फारसें बिघडलें नाहीं. परंतु एफआरराउटिंगमध्यें बीजीपीच्या कामासाठीं पुढें खरोखरचे थ्रेड आणले गेले, आणि एकाच घरांत एक खरा व एक केवळ नांवाचा असे दोन थ्रेड नांदूं लागले. नव्या माणसानें येथें कुलूप हवें कीं नको हें नांवावरून ठरवूं जावें, तर नांवच त्याची दिशाभूल करणार. नको तेथें कुलूप घातलें तर काम मंदावतें. हवें तेथें राहून गेलें तर राउटरमधील प्रोग्राम अवचित कोसळतो आणि त्यावर विसंबलेल्यांचा संपर्क तुटतो.

अखेर २०२३ सालीं यादींतील कामांस ‘इव्हेंट’, म्हणजे घटना, असें नांव देऊन सर्वत्र तसा बदल करण्यांत आला. त्यापूर्वीं २०१८ सालीं ‘बीजीपी इन्फो’ या मोघम नांवाचें ‘बीजीपी पाथ इन्फो’ झालें होतें. नुसती माहिती होती ती वाटेची माहिती झाली.

हे बदल फुकट पडत नाहींत. कोणीं दूरदेशीं बसून महिनोन्‌महिने तयार केलेली सुधारणा नव्या नांवांशीं एकाएकीं जुळेनाशी होते. नव्या आवृत्तींतील दुरुस्ती जुनीस लावावयाची झाल्यास प्रत्येक नांव उलट फिरवावें लागतें. ‘चालतें आहे, तर हात कशाला लावतां?’ हा आक्षेप म्हणूनच केवळ आळसाचा नव्हे. परंतु चुकीच्या नांवाचा भुर्दंड प्रत्येक नव्या वाचकास पुनःपुन्हा पडतो, आणि बदलाचा एकदांच. हा हिशेब आम्हांस अधिक पटतो.

बाहेरच्यांनीं हांक मारावयाच्या नांवांची गोष्ट मात्र निराळी. सॉफ्टवेअरच्या आंत ज्यास ‘पीअर’ म्हणतात, त्यास यंत्राचा व्यवस्थापक आपल्या आज्ञेंत ‘नेबर’ म्हणतो. ओएसपीएफच्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रोग्राम ‘ओएसपीएफ६’ म्हणून ओळखला जातो. कारण सहा हा आंकडा आयपीव्ही६ या पत्तेपद्धतीचा आहे. नवख्यास यांत गोंधळच दिसेल. तरीहि ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनीं याच शब्दांत आज्ञा लिहून ठेविल्या आहेत. ते रातोरात बदलले, तर यंत्रास उद्यां स्वतःच्याच आज्ञा कळणार नाहींत. याकरितां आज्ञेचा शब्द बदलणें प्राप्तच झालें, तर जुना शब्दहि कांहीं काळ मुकाट्यानें मानून घ्यावा लागतो.

आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलीत. पण माहेरीं जुनीच हांक ऐकूं येई आणि शाळेच्या दाखल्यावरहि जुनेंच नांव राही. ज्या भगिनींनीं त्यापायीं कचेऱ्यांच्या खेपा घातल्या, त्यांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. आंतलीं नांवें निर्भयपणें, एकदांच आणि सर्वत्र सुधारावीं. बाहेरच्यांच्या तोंडीं बसलेलीं नांवें बदलतांना मात्र त्यांस पुरेशी सवड द्यावी, हेंच धोरण आम्हांस शहाणपणाचें वाटतें. एफआरराउटिंगचे कर्तेहि त्याच वाटेनें चालले आहेत. त्यांच्या मध्यवर्ती प्रोग्रामचें नांव आजहि ‘झेब्रा’च आहे.