टोकं न जुळलेला गोल

स्केचपेनच्या शाईला उजेड सोसत नाही. फ्रिजच्या दारावर कौतुकाने लावलेलं चित्र बघता बघता फिकं पडतं. मेणखडूचा रंग त्यामानाने टिकतो, पण घडीवर निघतो आणि शेजारच्या कागदाला लागतो. म्हणून माझ्या चार वर्षांच्या भाचीने लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढलेली आजी कापडावर भरायला घेतली.

ही आजी म्हणजे एक मोठा जांभळा गोल. पाय थेट त्यातूनच निघालेले, हात कानांच्या जागी फुटलेले, कुंकू कपाळभर. धड नाहीच. एका हाताला चार बोटं, दुसऱ्याला सात. रशियातल्या नोवगोरोदच्या उत्खननात १९५६ साली तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या मुलाची भूर्जाच्या सालीवर कोरलेली चित्रं सापडली. त्याच्याही माणसांच्या बोटांचा हिशेब असाच लागत नाही. ओल्या मातीत हवा न लागल्यामुळे ती साल टिकली आणि ती बोटं दुरुस्त करायला कुणी गेलं नाही. आपणही जाऊ नये.

मूळ कागदावर पेन्सिल टेकवायची नाही, दाबाचे वळ उठतात. त्याची झेरॉक्स काढावी. मांजरपाटाचं कापड आधी धुऊन इस्त्री करून घ्यावं, कारण कोरं कापड नंतर आटलं की भरलेला भाग चुरगळतो. भर दिवसा खिडकीच्या काचेवर झेरॉक्स, तिच्यावर कापड असं चिकटवलं की रेघ आरपार दिसते. आईच्या पिढीतल्या बायका बटरपेपरला सुईने भोकं पाडून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायच्या. एकच वेलबुट्टी साडीभर उठवायला ती रीत उत्तम. पण पोराची रेघ एकदाच आलेली असते, ठिपक्यांमध्ये तिची थरथर हरवते.

खरा कस गिरवताना लागतो. आजीच्या गोलाची टोकं जुळलेली नाहीत, एक टोक दुसऱ्याला ओलांडून भलतीकडेच गेलंय. सारखे टाके आणि सारख्या पाकळ्या यांवर पोसलेल्या हाताला हे बघवत नाही, तो नकळत फट बुजवायला धावतो. त्याला आवरायचं, एवढंच या कामातलं कसब आहे असं मला वाटतं. बाकी टाके कुणालाही येतात.

रेघेला दांडी टाका, वळणावर आखूड केलेला. सहापदरी दोऱ्याचे पदर सुटे करून स्केचपेनच्या रेघेला दोन घेतले, मेणखडूला तीन आणि तिने खडू दाबून फिरवला होता तिथे चार. कुंकवाला भरीव टाका घातला असता तर बाजारातली टिकली झाली असती. तिने ते गरागरा खरडलं होतं, म्हणून त्याच दिशांनी सुटे टाके एकमेकांवर टाकले आणि मधून कापड दिसू दिलं. दोऱ्याची छटा खऱ्या खडूशी दिवसाउजेडी जुळवावी. लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का तेही बघावं.

आणि सुई लावण्याआधी चित्रकाराला विचारावं. डोक्यावर तिरप्या रेघा होत्या. “हे केस का गं?”

“नाही मावशी, पाऊस. आजी छत्री विसरली.”

केसांना साखळी टाका चालला असता, पावसाला धावदोराच हवा. पंधरा दिवसांनी विचारलं असतं तर कदाचित तो पाऊसही राहिला नसता, मुलांची उत्तरं बदलतात.

हल्ली कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरही चित्रं भरून मिळतात. शाळेच्या बॅजला ते ठीक आहे. पण मी पाहिलेल्या नमुन्यांत रेघ गुळगुळीत होऊन आली होती आणि गोल चक्क मिटला होता. घाई नसेल तर हातानेच भरावं.

भरलेलं कापड खुशाल भिंतीवर लावा, मात्र कागद फेकू नका. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा धड सोडवता येत नाही. कागदाच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, मुलाचं वय आणि त्याने सांगितलेला चित्राचा अर्थ लिहा, आणि तो घडी न घालता कपाटात, अंधारात ठेवा.