विश्लेषण : जुन्या तसबिरी नव्या भिंतीवर कशा लावाव्यात?

चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे. १९१२ मध्ये जन्मलेले मूस जवळपास पन्नास वर्षे या घरातून क्वचितच बाहेर पडले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. घराचे संग्रहालय झाले. ‘टेबल टॉप’ छायाचित्रणासाठी ते ओळखले जात. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश जुळवायचा आणि खऱ्याखुऱ्या दृश्याचा आभास उभा करायचा, असे हे तंत्र. म्हणजे वस्तू कुठे ठेवली आणि उजेड कुठून आला, यावरच सगळा खेळ. घरातल्या भिंतीचेही तसेच असते. मात्र जुने घर पाडून फ्लॅट घेतला की आजोबांच्या तसबिरी बहुधा माळ्यावर जातात.

जुन्या तसबिरी पुढे झुकलेल्या का असत?

खानदेशातल्या धाब्याच्या घरात तसबिरी आढ्याजवळ, वरची कड पुढे झुकवून टांगत. मागे चिमण्या घरटे करीत, हा भाग वेगळा! त्या झुकण्याला कारण होते. माणसे सतरंजीवर बसत आणि झुकलेली तसबीर त्यांच्याकडे तोंड करी. काचेवरची चकाकीही कमी होई. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. तिथून निघालेली देवादिकांची चित्रे घराघरांत याच पद्धतीने लागली.

मग आज उंची किती ठेवावी?

संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५२ सेंटीमीटरवर ठेवतात. पण तो उभ्याने पाहणाऱ्यांचा हिशेब. घरात आपण सोफ्यावर, दिवाणावर नाहीतर खाली बसतो. त्यामुळे एकाने नेहमीच्या जागी बसावे, दुसऱ्याने फ्रेम भिंतीला धरून वरखाली करावी, आणि जिथे मान न ताणता दिसेल तिथे खूण करावी. सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर अंतर सोडले की डोके लागत नाही.

मांडणी कशी करावी?

आधी सगळ्या फ्रेम जमिनीवर पसराव्यात. सर्वांत मोठी थोडी एका बाजूला ठेवून बाकीच्या तिच्याभोवती लावाव्यात. दोन फ्रेममध्ये ५ ते ७ सेंटीमीटर अंतर पुरते. ते सारखे असले की वेगवेगळ्या आकाराच्या चौकटीही एकत्र वाटतात. जुळले की वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून कागदी टेपने भिंतीवर चिकटवावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. खिळ्याची जागा ठरवताना फ्रेमची तार वर ओढून, ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजावे. बहुतेकांची चूक इथेच होते. दोन खिळ्यांवर टांगलेली फ्रेम तिरकी होत नाही.

खरा वाद वेगळाच होतो. चंदनाचा हार घातलेले आजोबा नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी चालतील का? हे ड्रिल लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेले बरे.

कोणती भिंत टाळावी?

पश्चिमेची बाहेरची भिंत. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते. न्हाणीघराला लागून असलेली आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की मागून हवा खेळते, कसर कमी लागते. थेट ऊन पडेल अशी जागा कितीही शोभली तरी सोडावी. उडालेला रंग परत येत नाही.

मूळ फोटो लावावा की प्रत?

प्रतच लावावी. आजीच्या लग्नाच्या फोटोची बहुतेकदा निगेटिव्हही उरलेली नसते. तो काचेला चिकटला असेल तर ओढू नये; काचेसकट स्कॅन करून घ्यावा. नव्या फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यात जाड कागदाची चौकट असावी, म्हणजे तो पुन्हा चिकटत नाही. मूळ फोटो कोरड्या कपाटात ठेवावा आणि त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावे, गाव आणि साल लिहावे. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीचे नाव सांगू शकणारी आत्या घरात असेल, तर हे काम खिळे ठोकण्याआधी करावे.