जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री आणि वैयक्तिक गोपनीयता

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीत दोन अनोळखी व्यक्ती संदेशांद्वारे थेट व्यवहार ठरवतात. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींत बॉक्स नंबरची सोय असे. उत्तरे वृत्तपत्राच्या कार्यालयात येत आणि जाहिरातदाराचे नाव झाकलेले राही. ओएलएक्स (स्थापना २००६), क्विकर (२००८) यांसारख्या संकेतस्थळांमुळे व्यवहार सोपा झाला, पण हा आडपडदा बराचसा नाहीसा झाला.

उघड होणारी माहिती

मोबाइल क्रमांक मिळाला की त्यावरून व्हॉट्सॲपवरील छायाचित्र आणि युपीआय ॲपमध्ये बँक खात्यावरील नाव दिसू शकते. अनेकांच्या युपीआय आयडीतच मोबाइल क्रमांक असतो. त्यामुळे व्यवहार ठरेपर्यंत संकेतस्थळाच्या अंतर्गत चॅटमध्येच बोलणे अधिक सुरक्षित ठरते. ‘व्हॉट्सॲपवर या’ असा सुरुवातीपासूनचा आग्रह संशयास्पद मानला जातो. वस्तूच्या छायाचित्रात गाडीचा क्रमांक, दारावरची पाटी किंवा बिलावरील पत्ता नकळत येतो. मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ही नोंद सहसा कायम राहते.

ओळखपत्रांचा गैरवापर

भारतात गाजलेल्या एका प्रकारात भामटा स्वतःला लष्करातील किंवा निमलष्करी दलातील कर्मचारी म्हणवतो, बदली झाल्याचे सांगतो आणि विश्वासासाठी ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो. ते ओळखपत्र बनावट किंवा दुसऱ्याच कोणाचे असते. मग तो समोरच्याकडून आधार कार्ड मागतो, आणि ते पुढच्या फसवणुकीत ‘विक्रेत्याचे ओळखपत्र’ म्हणून वापरले जाऊ शकते. अशा वेळी आधीच्या बळीचे नाव नव्या तक्रारीत येण्याचा धोका असतो. साध्या खरेदी-विक्रीसाठी आधारची प्रत लागतच नाही. वाहनासारख्या व्यवहारात ओळख पटवणे आवश्यक असल्यास भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे मास्क्ड आधार वापरता येते. त्यात १२ पैकी केवळ शेवटचे ४ अंक दिसतात.

पैसे घेताना युपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारा खरेदीदार प्रत्यक्षात पैसे काढून घेण्याच्या बेतात असतो.

कायदेशीर बाजू

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरवले. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू नाही. ओळखीची चोरी आणि तोतयेगिरीने केलेली फसवणूक यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६सी आणि ६६डी यांत ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता यावी म्हणून तक्रार तातडीने करणे महत्त्वाचे असते. पुराव्यासाठी समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवावे लागतात.