मज्जेतला सांधेबदल

२०२१ मध्ये तीन रुग्ण खुबा दुखतो म्हणून मुंबईत डॉक्टरांकडे गेले. तिघांचंही वय चाळिशीच्या आत. तिघंही कोविडमधून उठलेले, उपचारात स्टेरॉइड घेतलेले. तपासणीत दिसलं की मांडीच्या हाडाचा गोलक रक्त न मिळाल्याने आतून मरू लागला होता. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

हाड बाहेरून दगडासारखं दिसत असलं, तरी त्याची मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते. बांधणाऱ्या पेशी मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्यांच्यापासूनच चरबीच्या पेशीही होतात. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. स्टेरॉइड या मूळ पेशींना तसंच चरबीच्या रुळावर घालतं. आधीच कामाला लागलेल्या बांधणाऱ्या पेशीही लवकर मरतात, आणि हाड पोखरणाऱ्या पेशींचं आयुष्य सुरुवातीला लांबतं. त्यात आतडी कॅल्शियम कमी शोषतात आणि लघवीवाटे ते जास्त जातं.

झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. आधी खचतात ते मणके, कारण त्यांचं हाड आतून जाळीदार असतं. कित्येकदा दुखतही नाही, नुसती उंची कमी होते.

खुब्यात अडचण वेगळी. मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, पण हाडाचं कवच पसरत नाही. त्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेंगरतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

तरीही स्टेरॉइड खलनायक नव्हे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि थोड्याच दिवसांत ती बाजारात खरेदीला गेली. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

काळजी वाटते ती जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या पाकिटांची. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, तीन महिन्यांवर चालणार असेल, तर हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारावं. गोळी मनानेच एकदम बंद मात्र करू नये. शरीराने स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणं कमी केलेलं असतं.

स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला मांडी घालून बसताना जांघेत कळ येऊ लागली, तर साध्या एक्स-रेवर थांबू नये. सुरुवातीला तो स्वच्छ दिसू शकतो; एमआरआयमध्ये दोष सापडतो.